हाताचा गुण

शांतीकाकीनं भाताच्या बियाण्याच्या टोपलीला हात लावला आणि करंजाड्यात काशिरामच्या अंगणात सकाळीच शिमगा पेटला.

"ठेव ती खाली," त्याची बायको भीमाबाई कडाडली. "नवरा खाल्लास, आता शेत पन खा."

शांती म्हणजे भीमाबाईची धाकटी जाऊ. तिचा नवरा मागल्या साली कर्नाळ्याच्या वळणावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून चिखल तिनं तुडवायचा, लावणी तिनं करायची, पण बी पेरायचं नाही. घामाला विटाळ नव्हता, हाताला होता.

भीमाबाईची लेक निशा नववीत. विज्ञानाच्या बाईंनी नुकतंच शिकवलेलं : एकच गोष्ट बदला, बाकी सारं सारखं ठेवा, मग बोला. ती मधे पडली.

"आये, हाताचा गुण मोजूनच बघू. काकीचं बी तुझ्याइतकंच उगवलं तर औंदा पेरनी काकी करंल."

"मंजूर," काशिराम हसत म्हणाला. "बायकांचा कज्जा डब्यात तरी मिटू दे."

दोन डालड्याचे डबे. एकाच शेताची माती, शंभर-शंभर दाणे, मोजून पाणी, ओट्यावर शेजारी शेजारी. एकात भीमाबाईनं पेरलं, एकात शांतीनं. मग निशानं डबे फिरवून ठेवले; कुठला कुणाचा ते फक्त तिलाच ठाऊक. आईला कळलं असतं तर काकीच्या डब्यात खाडीचं खारं पाणी पडायला कितीसा वेळ?

आठव्या दिवशी अर्धी आळी जमली. निशानं मोठ्यानं कोंब मोजले. एकात त्र्याण्णव, दुसऱ्यात शहाऐंशी.

"त्र्यान्नववाला माझा," भीमाबाई म्हणाली. "आंधळा पन सांगंल."

निशानं डबा उचलून बूड दाखवलं. खिळ्यानं कोरलेलं होतं : शां.

शेजारची रंभा फिस्सकन हसली. निशा तर नाचलीच. शांतीनं पदर तोंडाला लावला, पण वर्षात पहिल्यांदा तिचे डोळे हसत होते.

भीमाबाईनं दोन्ही डबे जवळ ओढले. मग हळूच म्हणाली, "माझ्यातली सात कुटं गेली?"

तिनं शांतीकडं बोट केलं.

"शेजारी डबे. तिच्यात सात जास्ती, माझ्यात सात कमी. माझ्या हातचं ओढून घेतलं हिनं."

रंभाचं हसू विझलं. तिनं शांतीजवळ बसलेल्या आपल्या पोरीला दंडाला धरून ओढलं.

"परत करू," निशा घाईनं म्हणाली. "एकदा करून कळत नाय. दहा डबे लावू, लांब लांब."

"परत? आता कोनाला मारायचा हाय, तुझ्या बापाला?"

काशिराम हसत नव्हता. "शांते, उरनला भावाकडं जा. पेरनी होईस्तवर," तो म्हणाला. भीमाबाईनं तोवर ट्रंक अंगणात आणून आपटली होती. तिच्यात शांतीचे हिवाळ्याचे कपडेही होते.

निशा वेशीपर्यंत मागं धावली. "काकी, सात म्हंजे कायच नाय गो. सात असेच येतात, कोनाच्या पन हातानं."

शांती थांबली.

"माझी सात जास्ती निघाली तवा तू नाचलीस," ती म्हणाली. "तवा नाय बोललीस."