शेवटच्या शिपायाची शाल

इंद्रायणीला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. श्रावणात अकलूजच्या रस्त्यावर तिचा भाऊ, अद्वैत, अपघातात गेला. तेव्हापासून ती कॉलेजच्या ऑफिसात जात होती, डबा खात होती, विचारलं तर बोलत होती. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. लोकांचं काय जातं म्हणायला!

अद्वैतला वेड होतं टेबलावर मांडून लढवायच्या शिपायांचं. बोटाच्या पेराएवढे शिपाई मागवायचे, रंगवायचे आणि रविवारी मित्रांशी लढाया खेळायच्या. रंगवायचं म्हणजे नुसतं फासायचं नव्हे. आधी काळपट तांबडा, तो वाळला की त्याहून उजळ, मग आणखी उजळ. प्रत्येक थर ताकासारखा पातळ, आणि चुण्यांच्या खोलात खालचा काळोख तसाच राहू द्यायचा. हे त्यानं बहिणीला शेजारी बसवून शिकवलं होतं. शेवटच्या शिपायाच्या शालीला त्याचा एकच थर बसला होता. शाल पुरी करायची तर त्याचा हात आपल्या हातानं झाकायचा. इंद्रायणी रोज ब्रश भिजवायची आणि तसाच पुसून ठेवायची.

खंडेनवमीला वडिलांनी, वेणीमाधवरावांनी, रिवाजाप्रमाणे घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळी, कात्री, पाना, अद्वैतचे ब्रश. शिपायांच्या डब्याला दरवर्षी झाकणावरच कुंकू लागायचं. आत बोट घालायची परवानगी अद्वैतनं कधी दिली नाही. यंदा शिपाईच पाटावर होते, एकेकाला ओल्या बोटानं कुंकू लावलेलं. शेवटच्याच्या तर नेमकं शालीवर.

इंद्रायणीनं धावत जाऊन कापसानं टिपलं, तर ते चुण्यांत आणखीच पसरलं. घासावं तर अद्वैतचा थर निघेल. आता वरून पुढचा थर देण्यावाचून इलाज नव्हता.

"बाबा!" ती ओरडली. "किती वेळा सांगायचं? रंगाला हात लावू नका! झाकणाला लावा की कुंकू! कळत कसं नाही तुम्हाला?"

शब्द न् शब्द अद्वैतचा होता. तो तिचा तिलाच ऐकू आला आणि ती पाटासमोर मटकन बसली. मग जे रडू आलं ते आवरेना.

वेणीमाधवराव कुंकवाचं बोट धोतराला पुसत उभे होते. "दरवर्षी ऐकायचो हे," ते म्हणाले. "यंदा घरात कुणी ओरडलंच नाही तर काय करायचं, याची भीती वाटत होती मला."

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि ब्रशकडे हात नेला.

"आज नाही. पूजेत आहे तो," वडील म्हणाले. "उद्या दे थर." मग त्यांनी विचारलं, "बसू का शेजारी?"

"बसा," इंद्रायणी म्हणाली. "पण हात लावायचा नाही."