पिशवीतले इरकल

मित्रांनो, मी एक जुने इरकली लुगडे आहे. जुने, तरी नवे. दौंडच्या एका लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांबरोबर, माझे आयुष्य गेले. रीतीप्रमाणे मी कुठे विणले गेले, लग्नाच्या बस्त्यात कोणी वाखाणले, ते आधी सांगायला हवे.

राहू द्या ते. आधी त्या जुनेराबद्दल, मालकिणीच्या रोजच्या फाटक्या लुगड्याबद्दल, सांगते. त्याचे नाव काढले की अजून माझे काठ जळतात.

मोठ्या दुष्काळानंतरचे वर्ष. माझी मालकीण मालनबाई हिची तान्ही लेक गेली. मालनबाईने बोलणे टाकले, मग जेवण. नवरा जालिंदर रेल्वेत होता. कोणीतरी त्याला सांगितले, पुण्यात एक डॉक्टरीण आहे, ती नुसते बोलून मनाचे दुखणे बरे करते.

सासूने, आक्काबाईने, पेटी उघडली. "इरकल नेस गं. फाटकं नेसून गेलीस तर दारातच येडी म्हंतील."

मी निघाले! जुनेर दांडीवर लोंबत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "झोप लागते?"

"लागती की."

"जेवण?"

"समदं ब्येस हाय."

"लुगडे सुंदर आहे हो. इरकल ना?"

मग माझ्याबद्दलच बोलणे झाले. मी फुलून गेले. घरी येऊन मालनबाई उपाशीच झोपली, हे माझ्या लक्षातही आले नाही.

पुढच्या खेपेला ती जुनेर नेसली. विटलेले, ठिगळाचे, कित्येक दिवस न धुतलेले!

"आगं, धुवायचं तरी!" आक्काबाई कडाडली. तिने मला पिशवीत कोंबले. "जालिंदरा, पुण्याच्या फलाटावर बदलाया लाव हिला."

फलाटावर जालिंदर म्हणाला, "नेस की. लोकं काय म्हंतील?"

"म्हनू द्या."

मी पिशवीतच राहिले. पिशवी तिच्या पायाशी. पिशवीच्या उघड्या तोंडातून सगळे पाहिले, ऐकले.

आज डॉक्टरीणबाईंनी लुगड्याचे कौतुक केले नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मालनबाईने पदर नाकाशी धरला.

"ह्याच्यात गुंडाळायची म्या तिला. दुधाचा वास हाय आजून. धुतला तर..."

पुढे हुंदके होते. ती त्याच पदराने डोळे पुसत होती, नाक पुसत होती, आणि पुन्हा बोलत होती. माझा जरीचा पदर डोळ्यांना टोचला असता. मला ठाऊक होते. तरी पिशवीत मी तडफडत होते : मला घे ना! मलाही भिजव!

परतताना फलाटावर ती म्हणाली, "आवं, भूक लागली." जालिंदरने भाकरी मोडली.

काही खेपांनंतर एका सकाळी तिने आपणहून जुनेर धुतले. दोरीवर वाळत घातले. शेजारी मी, ऊन दाखवायला काढलेले. वाऱ्याने जुनेर माझ्याकडे झुकले. त्याचे पाणी माझ्या काठावर ठिबकणार, इतक्यात...

"डाग पडंल की!" आक्काबाईने मला झटकन उचलले आणि पेटीत ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी असे जपून ठेवलेले असेल. एकदा तरी त्याला नाक पुसा.

माझ्यावर बघा, एकही डाग नाही.