सासू पुढे, सून मागे

सासूबाईंना कयाकमध्ये बसवायचा वीणाचा मुळीच बेत नव्हता. रायस्वाइकच्या घरून निघताना ठरलं होतं ते असं : बीसबॉसच्या पाणथळ अभयारण्यात वीणा आणि सुबोध एका कयाकमध्ये बसतील, सुबोधचा मित्र जयेश दुसरी घेईल आणि सांगलीहून आलेल्या सुबोधच्या आई, सरलाबाई, काठावरच्या कॅफेत कॉफी पीत बसतील. पण धक्क्यावर पोचल्यावर सरलाबाईंनी त्या लांबट पिवळ्या होड्या पाहिल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि म्हणाल्या, "कॉफी काय, सांगलीतही मिळते. मी येणार."

"आई, तुला पोहता तरी येतं का?" सुबोध म्हणाला.

"कृष्णेत पोहायचे मी. तू जन्मायच्या आधी."

वीणाला हसू आलं. लग्नानंतर ती सुबोधच्या नोकरीमागे इथे परदेशात आली, तेव्हा पहिले दोन हिवाळे तिने खिडकीतून पाऊस बघण्यात घालवले होते. मग शेजारणीने ओढत घराजवळच्या कालव्यावरच्या होडीच्या क्लबात नेलं आणि वीणाला पाण्याची चटक लागली. आता शनिवारी ती नवशिक्यांना शिकवायची. कुणालाही ओरडून सांगताना तिला काही वाटत नसे. सासूबाईंशी मात्र तिचं सगळं बोलणं पाहुण्यांशी बोलावं तसं. "आई, चहा ठेवू?" "ठेव." "साखर पुरे?" "पुरे." भांडण कधी नाही, आणि गप्पाही कधी नाहीत.

"तुम्ही माझ्या पुढे बसा," ती म्हणाली. "आणि सुबोध, तू जयेशबरोबर."

मग तिने तिघांना काठावर उभं करून नेहमीचं सांगितलं. जॅकेटचे पट्टे घट्ट. होडीत उभं राहायचं नाही. उलटलात तर होडी सोडायची नाही, ती बुडत नाही. मोठ्या पाण्यात काठाकाठाने जायचं, मधून मोटरबोटी जातात. पिवळी पाटी दिसली की तिथून पुढे कुणी जायचं नाही, आत पक्ष्यांची पिल्लं असतात.

"शाळेची सहल आहे का ही?" जयेश कुजबुजला. सरलाबाईंनी मागे वळून नुसतं बघितलं. त्या सांगलीत आयुष्यभर बालवाडीच्या बाई होत्या. जयेश जॅकेटचे पट्टे ओढू लागला.

जूनचं ऊन होतं, वाऱ्याला जरासा गारवा. दोन्ही बाजूंनी वाळुंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली, मध्ये जेमतेम एका होडीपुरती वाट. सरलाबाईंचं वल्हं आधी पाण्याला थपडा मारत होतं, पण वळणं घेता घेता त्यांना लय सापडली. एका ठिकाणी पेन्सिलीला टोक काढावं तसं कुरतडलेलं झाड दिसलं.

"हे कुणी केलं?"

"बीव्हरनं. पाण्यात राहणारा, घुशीसारखा प्राणी. दात असे असतात त्याचे." वीणाने विसरून स्वतःचेच दात दाखवले, आणि सरलाबाई मान वळवून खळखळून हसल्या.

पुढे डावीकडे एक ओढा फुटला होता आणि त्याच्या तोंडाशी पिवळी पाटी. सुबोधने होडी तिकडेच वळवली. "आत बीव्हरचं घर असणार! पाच मिनिटं फक्त. आईला दाखवू की."

"सुबोध, नको," वीणा म्हणाली.

"अगं, कोण बघतंय इथे?"

"मला दाखवायचं म्हणून जायचं असेल तर मला नाही बघायचं," सरलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत असं डोकावतात का कुणी? चल मागे."

सुबोध मागे आला खरा, पण गाल फुगवून. ओढे संपून मोठं पाणी लागलं तशी त्याने जयेशला जोर लावायला सांगितलं आणि दोघे काठ सोडून भराभर मधोमध निघाले.

"काठाने या रे!" वीणाने दोनदा ओरडून पाहिलं. वाऱ्याने तिचा आवाज उलटाच नेला.

एक मोटरबोट लांबून गेली. तिची लाट आली, तेव्हा जयेश मागे वळून फोनवर फोटो काढत होता. होडी आडवी सापडली, एकदा डुलली, दुसऱ्यांदा डुलली आणि सावकाश पालथी झाली.

"आई, जोरात! डावीकडे! अजून!" वीणा ओरडली. अहो नाही, जाहो नाही. सरलाबाईंनी लगेच जोर लावून वल्हं मारलं. जवळ पोचल्या तेव्हा सुबोध पालथ्या होडीला धरून खोकत होता. जयेश मात्र घाबरून यांच्याच होडीच्या कडेला लोंबकळला आणि वर चढू लागला. होडी कलली. वीणाच्या मांडीवर पाणी आलं.

"जयेश!" सरलाबाई कडाडल्या. "हात खाली! आधी हात खाली! शहाणा ना तू?"

जयेशने चटकन हात काढले. जॅकेटने त्याला तरंगत ठेवलं.

"आता मागे जा आणि मागची कडी धर," वीणा म्हणाली. "सुबोध, तू होडीबरोबरच राहा. वारा काठाकडे नेतोय. पाय मारत राहा."

दोघी वल्हवत राहिल्या. जयेशचं वजन मागे ओढत होतं आणि काठ हलतच नव्हता जणू. वीणाला समोर फक्त सासूबाईंची पाठ दिसत होती, पांढरी वेणी सुटलेली, खांदे एका तालात पुढेमागे होणारे. "दमलात का?" तिने विचारलं.

"बोलू नकोस. वल्हव."

शेवटी गुडघाभर चिखलात सगळे उभे राहिले. जयेशचा फोन तळाशी गेला होता, सुबोधचे दात वाजत होते. "चूक झाली," तो वीणाकडे बघून म्हणाला. तिने त्याचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि पिशवीतला कोरडा टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. होडीतलं पाणी उपसून ते आडोशाच्या ओढ्यांनी परतले. या वेळी दोघे पुरुष निमूट मागून येत होते.

कॅफेत सुबोध आणि जयेश मालकाच्या जुन्या स्वेटरांत गुंडाळून गरम सूप पीत बसले. सरलाबाईंनी सफरचंदाचा केक मागवला आणि बहिणीला फोन लावला.

"अगं सुमन, आज आम्ही दोघींनी दोन पुरुषांना पाण्यातून ओढून काढलं... नाही, नाही, अजिबात भीती नाही वाटली. मागे वीणा होती ना." फोनवर हात ठेवून त्यांनी वीणाकडे पाहिलं. "ते होडी एकटीने फिरवायचं असतं, ते किती दिवसांत येतं गं?"

"तुम्हाला?" वीणा त्यांच्याच केकचा तुकडा उचलत म्हणाली. "पण ओरडेन हं मी."

"ओरड की," सरलाबाई म्हणाल्या, आणि बशी तिच्याकडे सरकवून पुन्हा बहिणीशी बोलू लागल्या.