पिलातापर्यंत

सान मेल्चोर गावात कोणाला कुठली गावसेवा मिळेल हे त्याला काय येतं यावर ठरत नाही, पाळीवर ठरतं. ज्याला पोहता येत नाही त्याला पाण्याच्या टाकीवर नेमतात, ज्याला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत त्याला सभेचा चिटणीस करतात. वर्षभरात शिकेल, म्हणतात, आणि नाही शिकला तर गाव शिकवेल. पगार नाही, सुट्टी नाही, नको म्हणायची सोय नाही. अशा रीतीने छप्पन्न वर्षांच्या सेलेरिनोच्या गळ्यात गावाचं वायफाय पडलं.

सेलेरिनोला कॉफीची छाटणी येत होती. शिवाय एकोणीस वर्षं सीमेपलीकडे उत्तरेत काढल्यामुळे स्ट्रॉबेरी खुडण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण सान मेल्चोरच्या डोंगरात स्ट्रॉबेरी पिकत नाही. दोन वर्षांपूर्वी तो परत आला तेव्हा आई जाऊन सात वर्षं झाली होती, घराच्या कुडाला कोंबड्यांनी भोकं पाडली होती, आणि गावाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे एकही सेवा लागलेली नव्हती. वहीत त्याचं नाव होतं ते असं : सेलेरिनो, उत्तरेचा. गावात चार सेलेरिनो, त्यामुळे ओळखीसाठी काहीतरी लिहावंच लागतं. पण बाकीच्या तिघांच्या नावापुढे त्यांच्या आईबापाचं नाव होतं. हे त्याला फार लागलं होतं. ही पहिली सेवा नीट पार पडली तर तो गावाचा. नाही तर धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा.

आणि नेमका तो पांढरा डबा मेला.

गावातल्या ख्रिस्ती देवळाच्या छपरावर, घंटेच्या खाली, खांबाला बांधलेला तो अ‍ॅक्सेस पॉइंट. त्यातूनच साऱ्या गावाच्या फोनना जाळं मिळायचं. गुरुवारी सेलेरिनोने संगणक उघडला तर पडद्यावर लिहून आलं : फर्मवेअरची, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रणालीची, नवी आवृत्ती आली आहे, घालायची का? विचारलं म्हणजे हो म्हणायचं, असं त्याला वाटलं. उत्तरेत एकोणीस वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याने हो दाबलं, अर्ध्यात ढग आले, सौरपाट्यांची वीज गेली, आणि डबा जो मिटला तो मिटलाच. चार दिव्यांपैकी एकच लागायचा, तोही लाल. शुक्रवारी त्याने डबा पुसला. शनिवारी खांबावरून काढून उन्हात ठेवला, मग जास्त तापला असेल म्हणून सावलीत ठेवला.

रविवारी दुपारी चारला गावसभा होती. गावप्रमुख डॉन आबुंदियोने निरोप धाडला होता : तोवर जाळं चालू झालं नाही तर सेवेचं हे वर्ष धरलं जाणार नाही.

सकाळी सातला तो टेकडीवर गेला. पलीकडच्या दरीतल्या मनोऱ्याची थोडीशी फोनलहर तिथल्या तीन दगडांपाशी सापडते, तीही मधल्या दगडावर उभं राहिलं तर. त्याने निकानोरला फोन लावला. गेल्या वर्षी डबा निकानोरकडे होता. आता तो शहरात गवंडीकाम करतो. गावात होता तोवर मयताच्या नऊ रात्रींची प्रार्थना तोच सांगायचा.

"मेला म्हणजे पुरता नाही मेला," निकानोर म्हणाला. "बेशुद्ध आहे. ऐक. संगणकात एक कप्पा आहे, त्याचं नाव 'मरेल तेव्हासाठी'. त्यात जुनं फर्मवेअर ठेवलंय. डबा तारेने संगणकाला जोड. मग डब्याच्या बुडाला बारीक भोक आहे ना?"

"मुंग्यांचं?"

"रीसेटचं, बाबा. त्यात काटा खुपस. आतलं बटण दाबून धर आणि धरूनच वीज लाव. सोडू नकोस."

"किती वेळ?"

"क्रेदो म्हणायचा, पिलातापर्यंत. पिलात आला की दिवे दोन-दोन करून नाचायला लागतात. नाचले की काटा सोड आणि फाइल पाठव. आधी सोडलास तर काही व्हायचं नाही. फार धरलास तरी नाही."

सेलेरिनोला यात चमत्कारिक काही वाटलं नाही. त्या डोंगरात घड्याळ बघून कोण स्वयंपाक करतं? टोमॅटो भाजायचा तो दोनदा 'नमो मरिये' म्हणून होईपर्यंत, आणि बाकी सगळं क्रेदोवर. ही श्रद्धेची प्रार्थना 'देवावर माझी श्रद्धा आहे' इथून सुरू करायची, आणि बिचाऱ्या ख्रिस्ताचा छळ करणाऱ्या पिलाताचं नाव साधारण मध्याला येतं. यात न समजण्यासारखं काय आहे, असं म्हणत तो उतरला. उतरताना मात्र आधी वीज की आधी काटा, हे विसरला.

देवळाची किल्ली तिया ओब्दुलियाकडे असायची. ब्याऐंशी वर्षांची बाई, साऱ्या गावाची तिया, म्हणजे मावशी. सेलेरिनोला ती नावाने कधी हाक मारत नसे.

"आलात का, उत्तरवाले?" ती म्हणाली. "झाला का जिवंत?"

"बेशुद्ध आहे, तिया."

"बेशुद्ध तुम्ही आहात. तीन दिवस झाले, माझ्या नातीचा चेहरा नाही बघितला फोनवर. तिकडे उत्तरेत असले डबे घरोघर असतील ना? मग एकोणीस वर्षं काय केलंत?"

"स्ट्रॉबेरी खुडली."

"तेच म्हणते मी."

त्याने घायपाताचा एक काटा तोडला, शिडीने छपरावर चढला, संगणक मांडीवर घेतला, काटा भोकात खुपसला, वीज लावली आणि क्रेदो सुरू केला. पिलात आला. लाल दिवा ढिम्म. त्याने पुन्हा केलं. मग वीज आधी, काटा नंतर. मग आमेनपर्यंत धरून पाहिलं. एकदा संशय आला म्हणून क्रेदो उत्तरेतल्या भाषेत म्हणून पाहिला, न जाणो डबा तिकडचा असला तर. एकदा दोन दिवे लागले आणि तो इतका दचकला की काटाच मोडला. पहिला आधी की दुसरा, सोडायचं की धरायचं, काय केल्यावर काय झालं होतं, याचा त्याच्या डोक्यात असा काही काला झाला की शेवटी आपण बटण दाबतोय की बटण आपल्याला, हेही त्याला सांगता आलं नसतं.

खाली तिया ओब्दुलिया अंगण झाडत होती. "म्हणता काय एवढं पुटपुटत?"

"क्रेदो."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि झाडायला लागली.

अकराला तो पुन्हा टेकडीवर. पाय भरून आले होते. निकानोरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला म्हणून दाखव."

"काय?"

"क्रेदो. फोनवर."

सेलेरिनो मधल्या दगडावर उभा राहून क्रेदो म्हणू लागला. पिलात येताच निकानोर हसायला लागला तो थांबेना.

"अरे, सीमेवरचे पोलीस लागलेत का तुझ्या मागे? एवढ्यात तर माझी चप्पल पायात जात नाही. आपण लहानपणी शिकलो तसा म्हण ना."

"मी तसाच म्हणतोय."

"तसा नाही म्हणत आहेस. आठव जरा," निकानोर म्हणाला, आणि लहर गेली.

आठव म्हणे. सेलेरिनोला राग आला. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय. काय आठवायचं? एकोणीस वर्षं त्याने प्रार्थना केली ती पहाटे साडेचारला, धावत्या गाडीत, मुकादमाने हाक मारायच्या आत उरकायची म्हणून. आई गेल्याचा फोन आला तेव्हाही तो वाफ्यातच होता. परत जाता येणार नव्हतं. कागदपत्रं नव्हती, गेला असता तर पुन्हा सीमा ओलांडता आली नसती. त्या दिवशी दोन ओळींच्या मध्ये उकिडवा बसून त्याने तिच्यासाठी एक क्रेदो म्हटला होता, खुडता खुडता, आणि तोही घाईतच. त्याची त्याला लाज वाटत आली होती.

छपरावर बसल्यावर त्याने नवा काटा हातात धरला. खाली कोणाच्या तरी चुलीचा धूर येत होता. मग त्याला चूल आठवली. आईची. मडक्यात अंडी उकळायची, आई उभी राहून क्रेदो म्हणायची, आणि तो पाटावर भुकेला बसायचा. तिला दमा होता. प्रत्येक तुकड्यानंतर ती थांबायची, श्वास घ्यायची, चुलीत एक काडी सरकवायची, मग पुढचा तुकडा. पिलात लवकर यावा म्हणून तो आतून तळमळायचा. पिलाताला मऊ अंडं काढायचं, आमेनला घट्ट. तो मऊवाला होता.

त्याने काटा दाबला, वीज लावली, आणि तसाच म्हणायला लागला. तुकडा, श्वास, काडी. तुकडा, श्वास, काडी. डोळे भरून आल्यामुळे त्याला दिवे नीट दिसेनात. पिलात आला तेव्हा चारही दिवे दोन-दोन करून नाचत होते.

त्याने फाइल पाठवली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. तो ढगांकडे बघून त्यांना विनवत होता. पट्टी भरली. डबा उठला, पण कोरा. स्वतःचं नावही विसरलेला. नाव काय, त्याने विचारलं. सेलेरिनोने गावाचं नाव लिहिलं. पासवर्ड काय? जुना पासवर्ड निकानोरला विचारायचा राहून गेला होता आणि पुन्हा टेकडी चढायची ताकद पायांत नव्हती. कमीत कमी आठ अक्षरं हवीत, डबा म्हणाला. सेलेरिनोला एकच नाव सुचत होतं. ते कमी पडलं, म्हणून त्याने त्याच्या आधी 'तिया' जोडलं.

चारला सभा भरली. अठ्ठेचाळीस घरांची माणसं फोन हातात घेऊन बसली होती, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं : नाव दिसतंय, आत जाता येत नाही.

"म्हणजे बंदच," डॉन आबुंदियो म्हणाला, आणि वही उघडली.

"बंद नाही," सेलेरिनो उठून म्हणाला. "पासवर्ड बदललाय. जुना मला ठाऊक नव्हता."

"मग नवा सांगा."

सांगायच्या क्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलोय. साऱ्या गावाच्या वस्तूला आपल्या आईचं नाव. कोणाला न विचारता. हे उत्तरवाल्यालाच सुचावं.

"तियाओनोरिया," तो म्हणाला. "सगळं जोडून."

सभेत कोणी तो लिहून घेईना. डॉन आबुंदियोने पेन खाली ठेवलं.

"बटण किती वेळ धरलंत?" तिया ओब्दुलियाने मागच्या बाकावरून विचारलं.

"पिलातापर्यंत."

"म्हणून दाखवा."

आता हे काय, त्याला कळेना. पण तियाला नाही कोण म्हणणार? तो म्हणायला लागला. पहिला तुकडा म्हणून थांबला, तर सभाही थांबल्यासारखी वाटली. दुसऱ्या तुकड्यानंतर त्याने श्वास घेतला तेव्हा शेजारच्या बाकावरच्या दोघी बायकांनीही घेतला. तो गोंधळला, पण म्हणत राहिला. तिसऱ्याला सगळेच ओठ हलवत होते, आणि सगळे तिथेच थांबत होते जिथे त्याची आई दम खायची. दमा नसलेली माणसं. त्याच्याएवढी, त्याच्याहून लहान. डॉन आबुंदियोही. तो लहान असल्यापासून ती जाईपर्यंत देवळाच्या ओट्यावर गावच्या पोरांना क्रेदो शिकवणारी त्याच्या आईशिवाय दुसरी कोण होती?

पिलात आला.

"अंडं झालं," तिया ओब्दुलिया म्हणाली. मग डॉन आबुंदियोकडे वळून, "ते उत्तरेचा खोड वहीतून. ओनोरियाचा सेलेरिनो, असं लिही. आणि तू, सेलेरिनो, इकडे ये. ही अक्षरं मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. तुझ्या आईचं नाव तूच घाल."

तो गेला. तिच्या फोनवर एकेक अक्षर दाबायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्याच्यामागे अर्धी सभा फोन घेऊन उभी राहिली.