माझ्या पायांखालची फरशी

मित्रांनो, दोन खांब आणि चार हात एवढाच माझा देह. गाडी अलगद उचलून धरायची, म्हणजे माणसाला तिच्याखाली उभं राहून काम करता येतं, हा माझा धर्म. मोटारी उचलणारी मी एक जुनी लिफ्ट आहे.

कारखान्यात घडले आणि काकांच्या गॅरेजात उभी राहिले. काका जुने मिस्त्री. गाडी वर गेली की माझा खटका बसल्याचा आवाज कान देऊन ऐकत, मगच खाली शिरत. गिऱ्हाइकांपुढे माझं कौतुक करत, तेव्हा माझ्या लोखंडालाही उभारी येई.

हात थकले तसं काकांनी गॅरेज बंद केलं आणि मला पुतण्याच्या हवाली केलं. त्याच्या घरच्या गॅरेजात मला बसवायचं होतं. काकांनी एकच बजावलं: फरशी फोड, खाली हातभर काँक्रीट ओत, ते नीट वाळू दे, मगच हिचे बोल्ट ठोक. पुतण्याने मान डोलावली. पण ती फरशी नवीकोरी, आरशासारखी. तिला छिन्नी लावायला त्याचा जीव होईना. त्याने मला फरशीवरच उभं केलं आणि बोटभर बोल्ट मारून मोकळा झाला. "माणसं खाली आणि गाडी माळ्यावर," असं म्हणत त्याची बायको हसली. मी मात्र धसकले. पहिली गाडी उचलतानाच कळलं, पायांखाली आधार नाही.

एका रविवारी काका आपली गाडी घेऊन आले.

"पाया खोल घेतलास ना रे?"

"हातभर घेतला, काका. वरून फरशी परत बसवली."

घरच्या लेकराच्या शब्दावर कोण संशय घेतो? गाडी माझ्यावर चढवून काका तिच्याखाली शिरले. माझे बोल्ट उखडू लागले, फरशी तडकली. होता होईल तो तग धरला मी. आवाज ऐकून काका बाहेर पडले आणि मी गाडीसकट भिंतीवर कलंडले.

काका अंगणात जाऊन बसले. तेवढ्यात पुतण्याने उखडलेले बोल्ट खिशात घातले आणि बाहेर जाऊन सांगितलं, "आतून सडली होती हो ती, काका."

काका आत आले. फरशीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या खांबावर हात ठेवून म्हणाले, "तूसुद्धा दगा दिलास, म्हातारे."

देवाने मला चार हात दिले, वाचा दिली नाही.

आता मी भंगारात पडले आहे. टेम्पोत चढवताना ऐकलं, नवी लिफ्ट येतेय. तिथेच, त्याच फरशीवर. पहिली गाडी काकाच चढवणार आहेत. मित्रांनो, वस्तूला जपा, पण त्याआधी तिच्यावर विसंबणाऱ्याला जपा. माझं व्हायचं ते झालं. काका कुठे भेटले तर एवढा निरोप द्या: खाली शिरण्याआधी एक फरशी उचलून पाहा.