टुडुर बाक

मी बाक बोलतोय. ओकचा, जाडजूड, बसक्या पायांचा. पाठ टेकायला मला काही नाही, कारण सुताराने मला बसण्यासाठी घडवलंच नव्हतं. माणसाने वर चढून उभं राहावं म्हणून घडवलं होतं. पुढे माझ्या नावाची शिवी झाली आणि या खोऱ्यातल्या एका घराला चिकटली. त्याची मला लाज वाटते. लाकडाला कसली आलीय लाज, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल इथेच थांबावं. मी कुणाला आग्रह करत नाही.

वेल्सच्या डोंगरातला आमचा मतदारसंघ. मेंढरं मोप, माणसं थोडी. त्या काळी मत उघड द्यायचं असे. बाजाराच्या चौकात फळ्यांचा मांडव, त्यात कारकून आणि कारकुनापुढे मी. शेतकऱ्याने माझ्यावर चढायचं, कुणाला मत ते तोंडाने सांगायचं, कारकुनाने टिपायचं. चढायचं ते अशासाठी, की मागच्यालाही ऐकू जावं. मागे कोण? जमीनदाराचा कारभारी मॅकलिश. तो नुसता पाइप ओढत उभा असे. काही बोलत नसे, काही लिहीत नसे. शेतं सगळी जमीनदाराची. मार्चअखेर खंडाचा करार नवा व्हायचा तो मॅकलिशच्या हाताने. मग बोलायची गरजच काय?

जमीनदाराचं घराणं सांगेल तो माणूस निवडून लंडनच्या संसदेत जायचा. कधी मुलगा, कधी जावई, कधी पुतण्या. कुणी मेल्याशिवाय बदल होत नसे.

इथे माणसाला त्याच्या शेताच्या नावाने ओळखतात. आडनाव निम्म्या खोऱ्याचं एकच, मग दुसरं करणार काय? हावोद नावाचं शेत कसायचा तो टुडुर हावोद. त्याच्या पलीकडचं टीनांट कसायचा तो इलायस टीनांट. हाकसुद्धा शेताचीच. "काय रे हावोद, लोकर निघाली का?" म्हणजे शेत गेलं की माणसाची हाकच जाते. हे लक्षात असू द्या.

टुडुरची बहीण लोवरी इलायसला दिलेली. मेव्हणे-मेव्हणे एका जिवाचे. त्या साली जमीनदाराचा पुतण्या उभा राहिला, कुणी कॅप्टन. त्याच्यासमोर पहिल्यांदाच आपल्यातला एक माणूस उभा राहिला, कापडवाला मॉरिस. प्रार्थनाघरात सगळ्यांनी ठरवलं, या खेपेला मॉरिसच. ठरवताना सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? टुडुरचा. "बाकावरून असं ओरडीन," म्हणाला, "की कारभाऱ्याच्या तोंडातला पाइप गळून पडेल!" लोक पोट धरून हसले.

मतदानाच्या दिवशी इलायस आधी चढला. घोट्यापर्यंत चिखल माखलेला. "मॉरिस," म्हणाला. खणखणीत. उतरताना मॅकलिशला टोपी काढून रामराम केला. तेवढा आगाऊपणा नसता केला तरी चाललं असतं, पण तो तसाच होता.

मग टुडुर चढला. मला आधी कळलं, कारण त्याचे पाय कापत होते. त्याने मान वळवून मागे पाहिलं. मॅकलिशने पाइप तोंडातून काढला, बस एवढंच. टुडुर काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला.

"कॅप्टनसाहेब."

"मोठ्याने बोला हो. मागे ऐकू गेलं पाहिजे."

"कॅप्टनसाहेब!" टुडुर ओरडला. असा ओरडला की चौकातली कुत्री भुंकायला लागली.

चौकात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कॅप्टन निवडून आला. मार्चअखेर इलायसचं शेत काढून घेतलं. गाडीवर घड्याळ, पाळणा आणि बटाट्याची पोती चढवली, आणि ती दोघं पोरांसकट रस्त्याकडेच्या एका खोलीत राहायला गेली. इलायस दगडाच्या खाणीत कामाला लागला. टीनांटमध्ये कुणी परका येऊन राहिला. पण गंमत बघा, त्या परक्याला कुणी टीनांट म्हटलं नाही. खाणीत दगड फोडणाऱ्या इलायसलाच सगळे टीनांट म्हणत राहिले.

टुडुरचं शेत राहिलं, पण हाक गेली. ती लोवरीने काढून घेतली. प्रार्थनाघराच्या दारात त्याने तिला अडवलं. "लोवरे, पोरं लहान आहेत गं माझी."

"माझी काय मोठी आहेत?" ती म्हणाली. मग शेजारणीकडे वळून, "काय गं, हा कोण?"

"तुझा भाऊ, टुडुर हावोद."

"छे! हावोद कुठला? हा टुडुर बाक."

झालं. संध्याकाळपर्यंत खोरंभर पसरलं. टुडुर बाक, त्याची बायको बाकवाली, पोरं बाकाची. मी सुताराच्या हातचा साधा बाक, त्या दिवसापासून माणसाच्या नावाला चिकटलो. आसपास कुणी नुसतं "बाक आलाय" म्हटलं, तरी माझ्या सांध्यांत कळ यायची.

पुढे कायदा बदलला. मत आता चिठ्ठीवर, पडद्याआड. मला शाळेच्या खोलीत भिंतीला लावलं. लोक आपली पाळी येईपर्यंत माझ्यावर टेकू लागले. टुडुर त्या पहिल्याच खेपेला आला. पडद्याआड गेला, चिठ्ठी पेटीत टाकली आणि बाहेर दारात उभ्या लोवरीपाशी गेला.

"मॉरिसला दिलं. देवाशपथ."

"पडद्याआड काय केलंस, मला काय दिसतंय?" लोवरी म्हणाली. "दिसत होतं तेव्हा पाहिलं."

मॉरिस निवडून आला. निकाल कळल्यावर टुडुर परत येऊन माझ्यावर बसला. चिठ्ठीचा कायदा चांगलाच. पण त्या बिचाऱ्याला आता उभ्या जन्मात धीट होऊन दाखवायची सोय उरली नव्हती.

त्यानंतर मी किती निवडणुका पाहिल्या, विचारू नका. पिवळ्या फितीच्या पक्षाने पिढ्यान्पिढ्या आमचं खोरं खाल्लं. मग लाल आले, मग आपल्या भाषेचे हिरवे, मधेच एकदा निळे. सगळ्यांचे बूट नवे. सगळे येताना वेल्शमधला एक नमस्कार पाठ करून येत, आणि चहाबरोबर मनुकांची पोळी खाऊन "वा" म्हणत. मोजणी दुसऱ्या दिवशी, कारण पेट्या डोंगरावरून खाली यायच्या. जमीनदार बुडाला, हावोदवाल्यांनी आपलं शेत विकत घेतलं. तरी त्यांची हाक बाकच.

का, ते बहुतेक विसरले. पोरांना वाटतं, यांचा पणजा सुतार असेल. दोघंच विसरली नाहीत. टुडुरची पणती नेस्ट बाक आणि इलायसचा पणतू ग्विलिम टीनांट. दोघंही आता म्हातारी, गुडघ्यांनी अधू. दर निवडणुकीला येत, माझ्या दोन टोकांना बसत, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ग्विलिम हवापाण्याचं बोले. "काय बाक, कोकरं जगली का?" नेस्ट म्हणे, "जगली." आणि खाली बघे. ज्या बाईने काही केलं नाही तिने खाली बघावं, आणि ते माझ्यावर बसून! मला भुंग्यांनी पोखरलं असतं तर परवडलं असतं.

परवाची निवडणूक आमची शेवटची. वरच्या लोकांनी नकाशावर रेघ ओढली. माणसं कमी म्हणून आमचा मतदारसंघ मोडून दोन बाजूंना वाटून टाकला. शाळाही बंद झालीय. मला शहरातल्या एका दारूच्या गुत्त्याने मागितलंय, शोभेला.

नेस्ट मत देऊन आली. ग्विलिम आपल्या टोकाला बसलेला. ती बसली नाही.

"जरा उठतोस का?"

"का गं? जागा आहे की."

"उठ म्हणते ना!"

तो उठला. नेस्टने काठी भिंतीला लावली, ग्विलिमच्या खांद्यावर हात रोवला आणि एक गुडघा, मग दुसरा, अशी माझ्यावर चढली. किती वर्षांनी माझ्यावर कुणी उभं राहिलं! पाय कापत होते. ते कापणं मी ओळखलं.

"मॉरिस!" ती ओरडली.

शहरातून आलेला अधिकारी धावला. "आजी, खाली उतरा. मत असं ओरडायचं नसतं. आणि मॉरिस नावाचा उमेदवारच नाही."

"ठाऊक आहे. मेला तो कधीच. हे मत राहिलं होतं आमच्या घराचं." मग पुन्हा, दारापलीकडे ऐकू जाईल असं, "मॉरिस!"

रांगेतली पोरं खिदळली. म्हातारी चळली म्हणाली असतील. ग्विलिम हसला नाही. तिला धरायला त्याने दोन्ही हात वर केले.

"उतर गं, हावोद," तो म्हणाला. "पडशील."

ती उतरली. मग दोघं बसली, मध्ये जागा न सोडता.

आता न्या मला गुत्त्यात. सांडा माझ्यावर काय सांडायचं ते. विनंती एकच, बाक म्हणून हाक मारायची झाली तर मलाच मारा. दुसरं कुणी नाही आता त्या नावाचं.