त्या दिवशी खरखर नव्हती

मी वायरलेस सेट बोलतोय. आजवर लोक माझ्यातून बोलले आणि मी इकडचं तिकडे पोचवलं, एवढंच माझं काम. आज कोणी बटण दाबलेलं नाही, तरी बोलतो. उद्या मला भंगाराच्या गाडीत भरणार आहेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. भिंगातून बघत एका बाईने माझ्या तारा जोडल्या. तिच्या मुलाची शाळेतून तक्रार आली होती, म्हणून ती सगळा वेळ त्याला मनातल्या मनात झापत होती. मग मला काळ्या पेटीत बसवलं, खोक्यात घातलं, आणि बोटीतून, ट्रकमधून, शेवटी एका हमालाच्या खांद्यावरून मी या कार्यालयात आलो.

जगभर मदतीचं काम करणारी ही मोठी संस्था. आवारात पांढऱ्या गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या दारावर संस्थेचं हिरवं चिन्ह. कोणती गाडी कुठे गेली, कोणाला घेऊन गेली, किती डिझेल प्याली, कधी परतली, हे सांभाळणारी खोली म्हणजे रेडिओ रूम. तिथल्या टेबलावर मी बसलो. रेडिओवर या खोलीला ‘बेस’ म्हणायचं आणि ड्रायव्हरला त्याच्या गाडीच्या नंबराने हाक मारायची. वाटेतून प्रत्येकाने बेसला कळवायचं. रस्ता बदलायचा असेल, परत फिरायचं असेल, तर बेसकडून परवानगी घ्यायची.

परवानगी देणारे एकच, गाड्यांचे साहेब. ड्रायव्हरांनी त्यांचं नाव ‘ब्रेक’ ठेवलं होतं. कुणाची रजा असो, कुणाच्या घरचं लग्न असो, जे दिसेल त्यावर त्यांचा पाय. सकाळी आवारात सगळ्यांना रांगेत उभं करत. बोनेटवरून बोट फिरवत, आणि धूळ लागली की ती त्या ड्रायव्हरच्याच शर्टाला पुसत. एकाचे वडील गेले. तो रजा मागायला आला, तर साहेब म्हणाले, “आज गेलेत ते उद्याही गेलेलेच असतील. ट्रिप करून जा.” तो ट्रिप करून गेला. तोवर सगळं आटोपलं होतं.

माझ्यापुढे बसायची ती ऑपरेटरबाई. नवरा अचानक गेला, पदरात एक मुलगी. तिचा धाकटा दीर संस्थेची सात नंबरची गाडी चालवायचा. वहिनीला नोकरी मिळावी म्हणून तो साहेबांच्या दारात उभा राहायचा. साहेब जेवून हात धुवायला निघाले की हा टॉवेल धरायचा. शेवटी साहेबांनी तिला ठेवून घेतलं, पण सात नंबरला ते विसरू दिलं नाही.

दीर-भावजय एकाच घरात राहत. दोन खोल्या हिच्या आणि मुलीच्या, दोन त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, मध्ये एक दार आणि नळ एकच. रेडिओवर मात्र तो ‘सात’ आणि ती ‘बेस’. तरी आवाजातलं हसू माझ्यापासून लपत नसे. एकदा तो म्हणाला, “बेस, सात नंबर परतीला. येताना काही आणायचंय का?” ती म्हणाली, “कांदे संपलेत.” माझ्या टेबलाच्या भिंतीत एक सरकती खिडकी आहे, पलीकडे साहेबांची खोली. खिडकी सरकली. साहेबांनी तिला उभं केलं आणि चहावाल्यासमोर म्हणाले, “बाई, हा रेडिओ आहे, तुमच्या घरचा ओटा नाही. इथे भाऊजी-वहिनी चालणार नाही.” त्यानंतर दोघांनी कांद्याचं नाव काढलं नाही.

माणसांची एक खोड मी पाहिली आहे. माईक हातात आला की ती आपला खरा आवाज खिशात ठेवतात आणि दुसराच काढतात. बाईचा दुसरा आवाज फार स्पष्ट होता. साहेबांना तो आवडायचा.

त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या छावणीतून संस्थेच्या पाहुण्यांना आणून विमानाला पोचवायचं होतं. ट्रिप सात नंबरकडे आली. दुपारी त्याचा आवाज आला.

“बेस, सात नंबर.”

“सात, बोला.”

“ओढ्यावर आलोय. वरच्या अंगाला मोठा पाऊस झालेला दिसतोय. पाणी फरशी पुलावरून चाललंय. गढूळ आहे, तळ दिसत नाही. परत फिरतो, परवानगी द्या.”

“थांबा. विचारते.”

तिने खिडकी सरकवली. साहेबांकडे दुसऱ्या कार्यालयातले दोघे बसले होते. आपल्या ताफ्याची एकही ट्रिप आजवर रद्द झालेली नाही, हे साहेब त्यांना रंगवून सांगत होते.

“साहेब, सात नंबर परत फिरायचं म्हणतायत. फरशीवर पाणी आहे.”

“किती?”

“तळ दिसत नाही म्हणतायत.”

“तळ बघायला पाठवलंय का त्याला? गाडी चालव म्हणावं.” समोरचे दोघे हसले. साहेबांना हुरूप आला. “तिकडे माणसं विमानासाठी ताटकळलीत. फिरलास तर किल्ली गेटवर ठेव आणि घरी जा म्हणावं. आणि बाई, दिराची वकिली करायची असेल तर तुम्हीही जा त्याच्याबरोबर.”

ती माझ्याकडे वळली, पण खिडकी लावली नाही. लावायची हिंमत झाली नसावी. तिने माईक उचलला.

“सात, पुढे जा.”

“बेस, परत सांगा.”

“पुढे जा. पलीकडे माणसं थांबलीत.”

आधी नुसतं इंजिन ऐकू आलं. मग त्याने शिस्त सोडली.

“वहिनी, हे तुम्ही सांगताय की साहेब?”

पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली. ते ऐकत होते, आणि ते ऐकतायत हे तिला ठाऊक होतं.

“सात, रेडिओवर नातं काढू नका. पुढे जा.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याच्या हाताखाली बटण दाबलेलंच राहिलं असावं. आधी गिअर पडल्याचा आवाज आला. मग दारावर पाणी आपटल्याचा. मग त्याचा श्वास, आणि अर्धवट तुटलेला एक शब्द. पुढे काही नाही.

“सात,” ती म्हणाली. “सात नंबर. बेसकडून सात, बोला.” बाकीच्या गाड्यांतही हे सगळं ऐकू गेलं होतं. एकानेही बटण दाबलं नाही. शेवटी ती म्हणाली, “भाऊजी.” हा शब्द नियमात बसत नव्हता, पण साहेबांनीही हटकलं नाही. ते त्या दोघांना सोडायला गेटपर्यंत गेले होते.

सात नंबर वाचला. गाडी खाली वाहत जाऊन खडकाला अडली. जवळच्या वीटभट्टीवरच्या लोकांनी दोर टाकून त्याला ओढला. दार आणि खडक यांच्यात सापडलेला पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः रेडिओ रूममध्ये आले, तिच्या टेबलाच्या कडेवर बसले. इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“मुख्य कार्यालयातून चौकशी येईल. नवी कोरी गाडी गेली म्हटल्यावर येणारच. तुमचा आवाज किती स्पष्ट आहे हो, बाई. सगळ्या गाड्यांत गेला असेल. माझा आवाज कोणी ऐकला?”

ती माईकची वायर सरळ करू लागली.

“नाही, आठवून बघा. रेडिओवर माझा आवाज कोणी ऐकला?”

“नाही, साहेब.”

“मग आदेश कोणाचा?” त्यांनी माझ्यावरची धूळ बोटाने पुसली. “मुलगी कितवीत आहे तुमची?”

“दहावीत.”

“दहावीचं वर्ष फार महत्त्वाचं,” साहेब म्हणाले आणि उठून गेले. धमकी म्हणून एवढीच.

चौकशीला आलेल्या मॅडम सभ्य होत्या. सगळ्यांना ‘कृपया बसा’ म्हणायच्या. सेट बघायचा म्हणून त्यांनी चौकशी माझ्यासमोरच घेतली. आधी एकेक ड्रायव्हर आला. तीन नंबर आला, जो रोज सात नंबरच्या डब्यातली भाजी खायचा. “नीट ऐकू आलं नाही, मॅडम. खरखर होती.” पाच नंबर म्हणाला, “खरखर होती.” ज्याला वडिलांना शेवटचं बघता आलं नव्हतं, तोही म्हणाला, “सेट जुना आहे, मॅडम. खरखरतो.” साहेब कोपऱ्यात बसून आपली नखं बघत होते.

मग सात नंबरला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चेहरा वाळला होता, पण आवाज तोच. तो म्हणाला, “मी परवानगी मागितली. पुढे जा असा आदेश आला. तीनदा आला.”

“कोणी दिला?”

“साहेबांनी. निरोप वहिनींनी दिला. त्यांनाच विचारा. त्या खोटं बोलायच्या नाहीत.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सावरला.

“मी फिरा म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “खरखर होती. त्यांना पुढे जा ऐकू आलं असेल.”

आपण मधला रस्ता काढला असं तिला वाटलं असेल. साहेब सुटतील, आपण सुटू, दिरावरही ठपका येणार नाही, आणि खापर फुटेल ते एका पेटीच्या डोक्यावर. पेटीला काय, ना लेकरू ना बाळ.

“खरखर नव्हती,” सात नंबर म्हणाला.

“बाकी सगळ्यांना कशी ऐकू आली?” मॅडमनी विचारलं, अगदी सभ्यपणे. तो वहिनीकडे बघत राहिला. ती माझ्याकडे बघत होती.

निकाल आला. आदेश नीट ऐकू आला नसताना ड्रायव्हरने खातरजमा न करता गाडी पाण्यात घातली, सबब नोकरीतून कमी. चूक त्याची, म्हणून भरपाई नाही. सेट सदोष, सबब बदलावा. साहेबांचं नाव शेवटी होतं, चौकशीत सहकार्य केल्याबद्दल.

घरी मधलं दार बंद झालं. ते मला कळलं, कारण बाई सफाईवालीला सांगत होती, “जाऊ नळावर आली की मी आत निघून जाते. ती भांडत नाही गं. भांडली असती तर बरं झालं असतं.”

मला काढायच्या आदल्या आठवड्यात सात नंबर आला. त्याच्याकडचा गणवेश आणि वॉकीटॉकी जमा करायची होती, ती बाईनेच घ्यायची. कुबड्यांवर तो दारात उभा राहिला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“भाऊजी, बसा.”

तो बसला नाही. कपडे टेबलावर ठेवले. धुऊन, इस्त्री करून आणले होते. एक पाय कमी झाला तरी पँट तशीच होती.

“वहिनी, एकच विचारायचंय. त्या वेळी तुम्ही नातं काढू नका म्हणालात, तेव्हा रागात होतात की घाबरला होतात?”

तिने गणवेशाची घडी सरळ केली. “घाबरले होते.”

“हं,” तो म्हणाला. “आम्हाला घरी वाटत होतं, आमचं काही चुकलं असेल. हिने काही बोलून दुखावलं असेल तुम्हाला.”

तिचे ओठ हलले. काहीतरी येत होतं, खरंच येत होतं. तेवढ्यात खिडकी सरकली.

“अरे वा,” साहेब म्हणाले, “सात नंबर आलाय. आता साडेसहा झाला म्हणायचा.”

आणि बाई हसली.

मोठ्याने नाही. साहेबांनी विनोद केला की या खोलीत जेवढं हसायची पद्धत आहे, तेवढंच. तोंडातून निघून गेलं. मग तिने हात तोंडावर नेला, पण हसू काही हाताने परत आत ढकलता येत नाही.

सात नंबरने खिशातली वॉकीटॉकी काढून कपड्यांवर ठेवली. “जमा करून घ्या,” म्हणाला. पायऱ्या उतरताना त्याला त्रास झाला. एक ड्रायव्हर मदतीला पुढे झाला, तर त्याने कुबडीनेच त्याला बाजूला सारलं.

पुढे साहेबांची बदली झाली, बढतीवर. बाई आता खिडकीपलीकडच्या खोलीत, साहेबांच्या खुर्चीवर बसते. माझ्या जागी आलेल्या चकचकीत नव्या सेटवर एक नवी ऑपरेटर आहे. मधल्या पावसाळ्यात तिने एकदा विचारलं, “मॅडम, दोन नंबर परत फिरायचं म्हणतायत.” मी तेव्हा रेडिओ रूममध्येच, कपाटावर पडलेलो होतो. बाईने मान वर केली नाही. “उगाच कारणं सांगतात हे लोक,” म्हणाली. “पुढे जा म्हणावं.” आवाज तोच, स्पष्ट. त्या दिवशी पाणी थोडं होतं, दोन नंबर पार झाला. म्हणून तिला काही वाटलं नाही.

काल भंगारवाला आला. त्याने मला बॅटरी लावून पाहिली, आणि शहरभर फिरणाऱ्या कुठल्या तरी ट्रकवाल्याचं बोलणं खणखणीत ऐकू आलं. “चालू आहे की,” तो हरखला. “खाणीवाले घेतील. त्यांच्या डंपरना लागतो.” भांडारवाला म्हणाला, “घेऊन जा बाबा, आमची अडगळ कमी होईल.”

भंगारवाले दादा, तुम्हाला माझं ऐकू येत नाही, तरी सांगतो. माझ्यात तांबं चांगलं आहे. पेटी पत्र्याची आहे, तिचं घमेलं होईल. मला फोडा, वितळवा, वजनावर विका, हरकत नाही. पण त्या खाणीवर नेऊ नका. तिथेही कोणीतरी चढावर गाडी थांबवून विचारेल, जाऊ का, आणि मला त्याला उत्तर पोचवावं लागेल.